नागपट्टिणम ते कांकेसंतुरै: बोटीने श्रीलंकेला जायचंय, दिवाळीत जमेल का?

मुठेकाठची:
नमस्कार मंडळी. तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून श्रीलंकेच्या कांकेसंतुरैला (जाफन्याच्या उत्तरेला, तिकडे सगळे नुसतं केकेएस म्हणतात) पॅसेंजर बोट जाते हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आम्ही पाच जण आहोत, मी, नवरा, मुलं १३ आणि ९ वर्षांची, आणि आई, वय ७१. आईच्या वडिलांची नोकरी रेल्वेत, मद्रासला होते काही वर्षं, त्यांच्या तोंडून तिने बोट मेलबद्दल (मद्रासहून आगगाडी आणि पुढे बोटीने कोलंबोला नेणारी जुनी सेवा) इतकं ऐकलंय की विमानाने कोलंबोला जाऊ म्हटलं तर तिला त्यात काही रस नाही, जायचं तर समुद्रातूनच म्हणते. मुलांना दिवाळीची सुट्टी आहे तेव्हा जावं असा विचार आहे. पुण्याहून नागपट्टिणमला कसं जायचं, तिकीट कुठून काढायचं, व्हिसाचं काय, आणि मुख्य म्हणजे आईला बोट लागेल का, झेपेल का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा, यूट्यूबवर सगळे नुसते डेकवरचे सेल्फी दाखवतात आणि कामाचं काही सांगत नाहीत.

भटकी_जमात:
ताई, दिवाळी आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस संपून समुद्र शांत झालेला असतो म्हणून आपल्याला तो सीझन वाटतो, पण त्या किनाऱ्यावर बरोब्बर उलटं आहे, तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. ही बोट १४ ऑक्टोबर २०२३ ला मोठा समारंभ करून सुरू केली आणि आठवड्याभरात हवामानामुळे बंद करावी लागली. मग थेट १६ ऑगस्ट २०२४ ला नव्या बोटीने सुरू झाली, ती नोव्हेंबरमध्ये परत थांबली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा चालू झाली. म्हणजे दिवाळीचं तिकीट काढलंत तर बोट सुटेल का नाही हेच शेवटपर्यंत कळणार नाही. फेब्रुवारी ते एप्रिल बघा.

मुठेकाठची:
अरे बापरे, हे अजिबात माहीत नव्हतं, बरं झालं विचारलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात, एप्रिलच्या मध्यानंतर मोकळे होतो आम्ही. तेव्हा समुद्र कसा असतो तिकडे? आणि ऊन?

दर्यावर्दी_रत्नागिरी:
मी मर्चंट नेव्हीतून रिटायर झालोय, त्या भागातून बऱ्याचदा गेलोय पण मोठ्या जहाजांनी, श्रीलंकेला वळसा घालून, कारण पाल्कच्या सामुद्रधुनीतून मोठं जहाज जाऊच शकत नाही एवढं पाणी उथळ आहे. तरी समुद्राचं थोडं सांगतो. नागपट्टिणम ते केकेएस साधारण ६० सागरी मैल, म्हणजे ११० किलोमीटर. चार तास लागतात म्हणतात, याचा अर्थ बोट ताशी पंधरा सागरी मैलांच्या (म्हणजे पंधरा नॉट्सच्या) आसपास चालते, हा वेग चांगला आहे पण समोरून वारा असेल तर चाराचे पाच होऊ शकतात हे धरून चला.

उथळ पाण्याचा एक स्वभाव असतो. खोल समुद्रात लाट लांब असते, बोट सावकाश वर जाते, सावकाश खाली येते. उथळ पाण्यात वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, एक संपते न संपते तोच दुसरी, आणि लहान बोटीला तो हिसका जास्त जाणवतो. म्हणून या मार्गावर वाऱ्याचा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षा महत्त्वाचा. मार्च-एप्रिल दोन मोसमांच्या मधला काळ, वारा कमी, पाणी बऱ्यापैकी शांत. मे च्या शेवटी नैर्ऋत्येचे वारे जोर धरतात, मग तिथे पाऊस नसला तरी समुद्र खवळलेला असू शकतो. तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा उत्तम. फक्त एप्रिल-मे मध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं पण होतात, निघायच्या आधीचा आठवडाभर हवामान खात्याचं बुलेटिन रोज बघायचं, त्यात मच्छीमारांसाठी वेगळा इशारा असतो तो वाचायचा. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका सांगितलं असेल तर तुमची बोटही बहुतेक सुटणार नाही.

आईंच्या बोट लागण्याबद्दल. सीट निवडता आली तर बोटीच्या लांबीच्या मध्यावर किंवा किंचित मागे घ्या, आणि जितकी खालची तितकी बरी, पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त आपटतं. सकाळी उपाशीपोटी बसू नये आणि तुडुंब खाऊनही नाही, दोन इडल्या आणि थोडी कॉफी पुरे. उलटीची गोळी बोटीत चढायच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. आईंना बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर कुठली गोळी चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना पुण्यातच विचारून ठेवा, मुलांचा डोससुद्धा. मोबाइल बघू देऊ नका, नजर क्षितिजावर ठेवायची.

शशी_डोंबिवली:
व्हिसाचं मी सांगते. श्रीलंकेला ईटीए (प्रवेशाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) लागतो, ऑनलाइन मिळतो, पण अर्ज फक्त त्यांच्या सरकारी साइटवरून करा, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट एलके असतं ती. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या एजंट लोकांच्या साइट्स सर्चमध्ये वर येतात आणि जास्तीचे पैसे घेतात, माझ्या बहिणीचे असेच गेले. भारतीयांसाठी फीचे नियम मधल्या काळात बरेचदा बदललेत त्यामुळे कुणी तुम्हाला फुकट आहे सांगितलं किंवा इतके डॉलर सांगितले तरी अर्ज करायच्या दिवशी साइटवर जे लिहिलंय तेच खरं. पासपोर्ट सहा महिने तरी व्हॅलिड हवा, आईंचा आणि मुलांचा आजच काढून बघा, लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि नेमका तोच संपलेला निघतो. ईटीएची प्रिंट, परतीचं तिकीट, जाफन्यातल्या हॉटेलचं बुकिंग हे सगळं कागदावर घ्या. बंदरावर इमिग्रेशन, कस्टम सगळं विमानतळासारखंच होतं, फक्त हॉल छोटा.

तिकीट कंपनीच्या स्वतःच्या साइटवर मिळतं, बुकिंगला पासपोर्टचे डिटेल्स लागतात. २०२४ ला सुरू झाली तेव्हा साधं तिकीट एका बाजूचं ५,००० आणि वरच्या क्लासचं ७,५०० होतं, नंतर भाव बदललेत, रिटर्न घेतलं तर स्वस्त पडतं. सामान किती फुकट नेता येतं हेही बदललंय त्यामुळे तिकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचा, जास्तीच्या किलोला पैसे लावतात.

पक्का_व्यवहारी:
मला एक समजत नाही, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? चेन्नईहून जाफन्याला विमान आहे, आता त्रिचीहून पण आहे, तास-दीड तासात पोचता. ७१ वर्षांच्या बाईंना चार तास बोटीत बसवायचं, त्यात ती रद्द होण्याची टांगती तलवार. माझं स्पष्ट मत, विमानाने जा आणि जाफन्यात एक छोटी बोट राइड करा, हौस फिटेल.

भटकी_जमात:
@पक्का_व्यवहारी, पोचायचंच असेल तर तुमचं बरोबर आहे. पण त्यांना पोचायचं नाहीये, पार करायचंय. आईंनी लहानपणापासून जे ऐकलंय ते समुद्रातून पलीकडे जाणं आहे. आणि ही बोट काही टुरिस्ट लोकांची करमणूक नाही हो. मी गेलो तेव्हा अर्ध्याहून जास्त माणसं जाफन्याकडची होती, कुणी त्रिचीला नातेवाइकांकडे येऊन परत चाललेलं, कुणी चिदंबरम, वेलांकण्णी करून चाललेलं, कपड्यांचे गठ्ठे घेऊन छोटे व्यापारी. माझ्या शेजारी एक आजी होत्या, मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून, त्यात कुंभकोणमचा कुंकू आणि विभूतीच्या पुड्या, मुलाने सामानात टाकू म्हटलं तरी सोडला नाही. श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या काळात बोट बंद झाली ती जवळजवळ चाळीस वर्षं बंद होती, दोन्हीकडे एकाच घरातली माणसं आणि मधे हाकेच्या अंतरावर समुद्र. ती वाट परत उघडलीये याचं मोल मला फार वाटतं, आणि माणसं वापरतील तरच ती चालू राहील.

मुठेकाठची:
हे वाचून दाखवलं आईला. ती म्हणाली आता नक्कीच बोटीने. 🙂 बोट मेलचं कुणाला माहीत असेल तर लिहा ना, आजोबांच्या गोष्टींतलं नक्की खरं किती ते मला कधीच कळलं नाही.

रूळ_आणि_धूर:
हा माझा विषय! बोट मेल म्हणजे मद्रास एग्मोरहून गाडी, ती पांबनच्या पुलावरून (२४ फेब्रुवारी १९१४ ला उघडला) रामेश्वर बेटावर आणि तिथून पार टोकाला धनुष्कोडीपर्यंत. धनुष्कोडीच्या धक्क्यावर गाडीतून उतरायचं आणि समोर वाफेची बोट उभी, तिने पस्तीसेक किलोमीटर पलीकडे तलैमन्नार, तिथल्या धक्क्यावर कोलंबोची गाडी तयार. मद्रास ते कोलंबो एकच तिकीट. आयर्विन आणि गोशेन नावाच्या बोटी होत्या त्या मार्गावर, आजोबांनी ही नावं सांगितली असतील तर ते खरंच गेले होते. पांबनचा पूल होण्याआधी लोक तुतिकोरिनवरून बोटीने कोलंबोला जायचे.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं आणि धनुष्कोडी गाव संपलं. पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या तोंडाशी लाटेने माणसांसकट नेली. स्टेशनचे आणि चर्चचे भग्न अवशेष आजही वाळूत उभे आहेत. त्यानंतर रामेश्वरहून तलैमन्नारला बोट काही वर्षं चालली, तीही ८० च्या दशकात यादवी युद्ध पेटल्यावर बंद पडली. मधे २०११ मध्ये तुतिकोरिन-कोलंबो बोट सुरू केली होती, वर्षभर पण टिकली नाही. पलीकडे श्रीलंकेत मात्र रूळ पुन्हा टाकले, जाफन्यापर्यंत गाडी ऑक्टोबर २०१४ ला परत आली, केकेएसपर्यंत जानेवारी २०१५ ला, आणि ते काम आपल्या इरकॉन या सरकारी कंपनीने केलंय. म्हणजे बोटीतून उतरून रेल्वेने कोलंबोला जाणं आज परत शक्य आहे, फक्त धक्का बदललाय. रामेश्वर-तलैमन्नार पुन्हा चालू करायचं दोन्ही सरकारं बोलताहेत, झालं तर मी पहिल्या बोटीत असेन.

मुठेकाठची:
आईला विचारलं, आयर्विन म्हटल्याबरोबर ती म्हणाली हो हो आयर्विनच! आजोबा नाव "आरविन" म्हणायचे. काय सांगू तुम्हाला, खूप खूप आभार.

तंजावरकर:
नमस्कार. मी तंजावर मराठी, आता चेन्नईत असतो, वाचत होतो पण राहवलं नाही म्हणून लिहितो. नागपट्टिणमला थेट जाऊन दुसऱ्या दिवशी बोट पकडू असं कृपया करू नका. तंजावरला दोन-तीन दिवस मुक्काम ठेवा आणि बोटीच्या आदल्या दिवशी नागपट्टिणमला या. तंजावर ते नागपट्टिणम ऐंशीएक किलोमीटर, गाडी आहे, टॅक्सीने दोन तास. बोट एक दिवस पुढे ढकलली तरी तुम्ही अडकून पडत नाही, आणि मराठी माणसाने इतक्या जवळून जाऊन तंजावर न बघता जाणं मला तरी पटत नाही.

१६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी इथे गादी स्थापन केली ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास कोरलेला आहे, १८०३ साली, दुसऱ्या सरफोजीराजांच्या वेळी, अख्खा देवनागरीत आणि मराठीत. मुलांना वाचायला लावा, अक्षरं लागतात. सरस्वती महाल ग्रंथालय बघाच. आणि नागपट्टिणमजवळ नागोरला दर्गा आहे, त्याचे पाच मिनार, त्यातला सगळ्यात उंच १३१ फुटांचा, तो आमच्या प्रतापसिंहराजांनी बांधून दिलाय. बोटीतून निघताना किनारा दिसत असतो तेव्हा उत्तरेकडे बघा, हवा स्वच्छ असेल तर नागोरचे मिनार ओळखू येतात असं तिथले लोक सांगतात. वेळ असेल तर मल्लिपट्टिणमजवळचा मनोरा, सरफोजीराजांनी १८१४ मध्ये नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून ऐन पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठावर बांधलेला बहुमजली बुरूज आहे. तुम्ही जो समुद्र पार करणार आहात त्याच्याकडे तोंड करून उभा आहे तो.

पुण्याहून येण्याचं म्हणाल तर एलटीटी (मुंबईचं लोकमान्य टिळक टर्मिनस)-कारैकल साप्ताहिक गाडी आहे, कारैकल ते नागपट्टिणम वीसेक किलोमीटर. पण आई बरोबर आहेत तर विमानाने चेन्नई किंवा त्रिचीला या, त्रिची ते तंजावर तास-सव्वा तास.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
तंजावरकर, फार छान लिहिलंत. बफरचं बोललात ते सगळ्यात महत्त्वाचं. समुद्राच्या प्रवासात वेळापत्रकाला थोडी ढील ठेवायची असते. त्यात माझी एक सूचना, कुठली बाजू बोटीने आणि कुठली विमानाने हे आधी ठरवा. जाताना बोट आणि येताना कोलंबोहून थेट मुंबईचं विमान, असं करा. कारण जाताना बोट रद्द झाली तर तुम्ही स्वतःच्या देशात आहात, तंजावर-कुंभकोणम बघत थांबू शकता, फारच लांबलं तर त्रिचीहून विमान पकडून जाफन्याला जाऊ शकता. येताना रद्द झाली तर पलीकडे अडकणार, व्हिसाचे दिवस, हॉटेलचा खर्च, शाळा-ऑफिस, पुढचं चेन्नई-पुणे विमान बुडणार. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळतात पण बुडालेल्या विमानाचे नाही मिळत.

भटकी_जमात:
+१००. हेच लिहायला आलो होतो. मी रिटर्न घेतलं होतं, परतीची बोट दोन दिवस पुढे गेली, एकटा होतो म्हणून चाललं, मुलाबाळांबरोबर नको.

शशी_डोंबिवली:
पण मग रिटर्नचं स्वस्त तिकीट जातं ना हातचं? पाच जणांचा हिशोब केला तर मोठी रक्कम होते. मला वाटतं दोन दिवस बफर परतीलाही ठेवला तर दोन्हीकडून बोटीने जमेल, विमानाचे पाच जणांचे पैसे वाचतील.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
शशीताई, तुमचं गणित बरोबर आहे, वेळ हाताशी असेल तर तसंच करावं. पण त्यांना कोलंबोकडे पण जायचं असेल तर परत चारशे किलोमीटर उत्तरेला बोटीसाठी येणं म्हणजे दोन दिवस प्रवासातच. फक्त जाफना करणार असतील तर रिटर्न बोट घ्या, पुढे जाणार असतील तर विमान.

मुठेकाठची:
आईला अनुराधापूर आणि कॅंडी बघायचंय, त्यामुळे विमानच परतीला. तारीख साधारण २० एप्रिलनंतर बोट असं धरतोय. आता जाफन्याचं कुणीतरी सांगा.

कोलंबोवासी_मी:
नोकरीनिमित्त इकडे असते, जाफन्याला जाणं होत असतं. २० नंतर ठेवलंत हे चांगलं केलंत, कारण १३-१४ एप्रिलला इथे सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं, त्याच्या आगेमागे अख्खा देश गावाला जातो, गाड्या फुल्ल, दुकानं बंद.

बोट केकेएसला लागते. सुंदर छोटं बंदर आहे, पण युद्धात तो सगळा भाग हाय सिक्युरिटी झोन होता, लोकांना गावं सोडून जावं लागलं होतं, अजूनही बाजूला पडकी घरं दिसतात. बंदराच्या कामासाठी भारताने ६ कोटी १५ लाख डॉलरचं अनुदान जाहीर केलंय, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत बरंच बदलेल. बंदराबाहेर टुकटुक आणि व्हॅन मिळतात, जाफना शहर अठरा-वीस किलोमीटर. पण सरळ शहरात जाऊ नका, आधी कीरिमलैला जा, बंदरापासून अगदी जवळ. समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचं कुंड आहे, भिंतीच्या एका बाजूला खारट लाट आपटते आणि दुसऱ्या बाजूला झऱ्याचं गोड पाणी, हाताने चाखून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. बायकांचं कुंड वेगळं आहे. शेजारी नगुलेश्वराचं प्राचीन शिवमंदिर.

जाफन्यात नल्लूरचं कंदस्वामी मंदिर, पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं, नवऱ्याला आणि मुलाला आधी सांगून ठेवा. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि डचांनी वाढवलेला किल्ला. आणि सार्वजनिक वाचनालय. १९८१ मध्ये ते जाळलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रावरच्या पोथ्या त्यात गेल्या, आता पांढरीशुभ्र इमारत परत उभी आहे आणि आत शाळकरी पोरं अभ्यास करत बसलेली असतात. तुमच्या मुलांना जरूर दाखवा. एक दिवस नैनातिवू बेटासाठी ठेवा, कुरिकट्टुवानच्या धक्क्यावरून छोटी बोट, एकाच बेटावर नागपूषणी अम्मन देवीचं देऊळ आणि बौद्धांचा नागदीप विहार. चांगले तीन दिवस जाफन्याला द्या.

पैशांचं, एका भारतीय रुपयाला साडेतीनच्या आसपास श्रीलंकन रुपये मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून इथे यूपीआय चालायला लागलंय पण ते सगळीकडे नाही, जाफन्याच्या छोट्या दुकानांत आणि देवळाबाहेर रोखच लागते. घड्याळ बदलायचं नाही, वेळ एकच आहे. खाण्याची चिंता नको, शाकाहारी जेवण इडली, डोसा, इडियाप्पम (तांदळाच्या शेवया), भात-सांबार सगळं मिळतं, फक्त तिखट आपल्यापेक्षा चांगलंच जास्त असतं, आईंसाठी दही मागून घ्या. ताडगुळ नक्की आणा.

एप्रिलचं ऊन मात्र जबरदस्त, दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका.

पक्का_व्यवहारी:
माझ्या मतावर मी आहे, पण धागा वाचून माहिती मिळाली हे कबूल. एक प्रश्न खरा आहे, बोटीत चढायला शिडी असते का? म्हाताऱ्या माणसाला चढता येतं का?

भटकी_जमात:
शिडी नाही, धक्क्यावरून उतारासारखा फळ्यांचा रॅम्प लावतात, कठडा असतो. पाण्याच्या चढउताराप्रमाणे त्याचा कोन बदलतो आणि बोट हलत असेल तर तोही थोडा हलतो. क्रू मेंबर हात धरून नेतात, मी बघितलं. आईंच्या हातात काही सामान देऊ नका, चप्पल मागे पट्टा असलेली हवी, आणि गर्दीत न शिरता सगळ्यात शेवटी चढवा, सीट कुठे पळून जात नाही. आत एसी जोरात असतो, शाल ठेवा. काउंटर बोट सुटायच्या बरंच आधी बंद होतं त्यामुळे तिकिटावर रिपोर्टिंगची जी वेळ असेल तिच्याही आधी पोचा. वाटेत बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, पुण्यातल्या मंडळींना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत.

आटपाट_नगर:
मध्येच विचारतो, माझ्या मुलीचा पासपोर्ट अमेरिकन आहे, ती श्रीलंकेत आहे आणि तिकडून या बोटीने भारतात येऊ म्हणतेय, चालेल ना?

शशी_डोंबिवली:
ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे का तिच्याकडे? ई-व्हिसा असेल तर सावध, ई-व्हिसावर भारतात ठरावीक विमानतळ आणि बंदरांतूनच येता येतं, त्याची यादी भारताच्या सरकारी ई-व्हिसा साइटवर असते. त्या यादीत नागपट्टिणम दिसलं तरच तिकीट काढा, आणि बोट कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं हो पुरेसं नाही.

मुठेकाठची:
सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. पुणे-चेन्नई विमान, तिथून रात्रीच्या गाडीने तंजावर, तिथे तीन दिवस. मग नागपट्टिणम एक रात्र, नागोर आणि वेलांकण्णी त्याच दिवशी. सकाळी बोट. जाफना तीन रात्री, मग रेल्वेने अनुराधापूर, कॅंडी, आणि कोलंबोहून मुंबई. बोट पहिल्या दिवशी नाही सुटली तर नागपट्टिणमलाच आणखी एक रात्र, दोन दिवस नाही सुटली तर त्रिचीवरून विमान. पक्का_व्यवहारी, म्हणजे तुमचं विमान पण प्लॅनमध्ये आहे. आईचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटतील तेव्हा गोळीचं विचारते. यात काही चुकतंय का?

कोलंबोवासी_मी:
छान आहे प्लॅन. एकच बदल, जाफन्याहून अनुराधापूरच्या गाडीचं रिझर्व्हेशन आणि जाफन्याचं हॉटेल, दोन्ही पुढे सरकवता येतील असं बघा. हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालं घ्या, आणि गाडीचं तिकीट बोट नागपट्टिणमहून सुटल्यावरच काढलंत तरी जाफना-अनुराधापूर टप्प्यात बसून जायला मिळतं, नाहीच मिळालं तर बस दर थोड्या वेळाने आहे. कॅंडीच्या पुढच्या डोंगरातल्या गाडीला मात्र खूप मागणी असते, ती आधी काढावी लागते, तिच्या आधी एक मोकळा दिवस सोडा.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
आणि नागपट्टिणमचं हॉटेल बंदराजवळ घेण्यापेक्षा जिथे लिफ्ट आहे आणि सकाळी लवकर नाश्ता मिळतो असं घ्या. आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याकडून बंदराच्या गेटपर्यंतची गाडी ठरवून ठेवा, रिक्षा शोधत पाच माणसं आणि सामान घेऊन पहाटे उभं राहू नका. तिकिटं जानेवारीनंतर, नवीन सीझनचं वेळापत्रक लागलं की काढा. आठवड्यातून कुठल्या दिवशी बोट आहे ते दर सीझनला बदलतं, आधीचं कुणी सांगितलेलं धरून विमान बुक करू नका. आधी बोटीची तारीख पक्की, मग त्याच्या मागे तंजावर, मग सगळ्यात शेवटी चेन्नईचं विमान.